डावी कूस

आमच्या घरात उचकी हा आजार नव्हता. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय असं समजायचं, एकेक नाव घ्यायचं, आणि ज्या नावाला ती थांबेल त्याला संध्याकाळी फोन करायचा. ही माझ्या सासूबाईंची पद्धत. सासूबाई गेल्या, पद्धत राहिली. त्यामुळे हेमंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रोज दुपारी जेवणानंतर उचकी लागायला लागली तेव्हा मी औषध शोधायच्या ऐवजी नावं शोधत बसले.

"गार्गी," मी म्हणायची. गार्गी आमची मुलगी. नागपूरला असते.

"उक्."

"पेडणेकर सर."

"उक्."

"नंदूआत्या."

"ती... उक्... गेली की मागच्या वर्षी."

"गेली म्हणून काय आठवण काढत नसेल?"

असे काही आठवडे गेले. ओवा झाला, साखर झाली, श्वास रोखून पाणी पिणं झालं. आमच्या ओळखीच्या निम्म्या साताऱ्याला मी उगाच फोन केले. उचकी कोणालाच दाद देईना. मग एक दिवस हेमंत दुकानाच्या तीन पायऱ्या चढून वर बसला आणि त्याला बोलताच येईना. डोळे पिवळट दिसत होते. तेव्हा कुठे आम्ही पुण्याला गेलो आणि कळलं, की आठवण काढणारं बाहेर कोणी नव्हतं. हेमंतच्या छातीतलं यंत्र जागचं हललं होतं आणि एका मज्जातंतूला टेकून बसलं होतं.

यंत्र म्हणजे त्याचं हृदय. ते आधी सांगायला हवं.

अकरा वर्षांपूर्वी एका तापाने त्याचं स्वतःचं हृदय फुगून निकामी झालं. तोवर कृत्रिम हृदय ही काही पेपरात फोटो यावा अशी गोष्ट राहिली नव्हती. आत बिस्किटाएवढी एक चकती असते. ती चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरते, कशालाच घासत नाही, म्हणून झिजत नाही. रक्त एका बाजूने आत येतं आणि दुसऱ्या बाजूने सतत बाहेर ढकललं जातं. खऱ्या हृदयासारखं दाबणं-सोडणं नाही, त्यामुळे ठोका नाही, आणि ठोका नाही म्हणून नाडीही नाही. छातीला कान लावला तर फ्रीजची घरघर ऐकू येते, बस्स. आमच्या गल्लीतल्या वैद्यबुवांनी एकदा कौतुकाने त्याचं मनगट धरलं आणि थोड्या वेळाने स्वतःच घाम पुसत खुर्चीत बसले. समोर उभा राहून चहा घेणार का विचारणाऱ्या माणसाला नाडी नसावी, हे त्या बिचाऱ्यांना झेपलं नाही.

बॅटरी कातडीखाली. ती रात्री चार्ज व्हायची, पाठीखालच्या गादीतून. म्हणून रात्री पट्टे बांधून, उताणं, छताकडे तोंड करून झोपायचं. घरी सोडताना डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं: डाव्या कुशीवर झोपायचं नाही. छातीत त्या बाजूला पोकळी जास्त, यंत्र जड, टाके कोवळे. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

यंत्राने आम्हाला अकरा चांगली वर्षं दिली, हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मला तक्रारीच करायच्या आहेत. पोवई नाक्याजवळ आमचं चष्म्याचं दुकान आहे, आणि त्याच्याच वर घर. काचा आता आपोआप नंबर बदलतात, पण फ्रेम नाकावर नीट बसवायला अजून माणूस लागतो. हेमंत ते काम करायचा आणि मी गिऱ्हाईक सांभाळायची. 'दुकान एक ते चार बंद राहील' ही पाटी त्याच्या आजोबांच्या वेळची. शस्त्रक्रियेनंतरही ती कोणी हलवली नाही.

पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टर झोया मुजावर आमच्यासमोर बसल्या. गार्गीपेक्षाही लहान असाव्यात. त्यांनी हेमंतच्या छातीचं चित्र हवेत उभं केलं आणि बोटाने गर्रकन फिरवलं.

"हे बघा काका. हृदय इथं असायला हवं. ते इथं आलंय. साडेचार सेंटिमीटर डावीकडे, आणि थोडं खाली."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. परकी वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पांढऱ्या तंतूंची पिशवी विणतं आणि तिला एका जागी धरून ठेवतं. पण रोज एकाच बाजूला भार पडत राहिला तर पिशवी ताणते, वस्तू कणाकणाने सरकते, आणि शरीर नव्या जागी नवी पिशवी विणतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि कळत नाही. यंत्र तिरकं झाल्यामुळे रक्त बाहेर नेणारी नळी मुरडली होती. बागेला पाणी घालताना पाइपवर पाय पडावा तसं. रक्त कमी जातंय हे यंत्राला कळायचं, की ते जोरात फिरायचं. मुरडलेल्या जागी रक्ताच्या पेशी आपटून फुटायच्या. थकवा त्यामुळे, पिवळेपणाही त्यामुळे. आणि यंत्राची खालची कड श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला लागत होती, म्हणून उचकी.

"काका, तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का?"

"छे छे."

"कधीच नाही?"

"अकरा वर्षांत नाही. विचारा हिला."

मीही ठामपणे नाही म्हणाले.

"दुपारी?"

"दुपारी कोण झोपतंय?" हेमंत म्हणाला. "दुपारी वामकुक्षी."

"म्हणजे नेमकं काय करता?"

"डाव्या कुशीवर पडतो. तास-दीड तास. कधीकधी डोळा लागतो."

त्या बाईने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा बघून मला आधी कळेनाच काय चुकलं ते. आम्ही खोटं बोलत नव्हतो. उपासाला साबुदाण्याची खिचडी चापली म्हणून कोणी 'मी जेवलो' म्हणतं का? तसंच हे. झोप रात्रीची. दुपारची ती वामकुक्षी, पचनाला बरी असते. त्या यंत्राच्या चाचण्या जिथे झाल्या, तिथली माणसं दुपारी बहुधा कामं करत असणार.

दोनच मार्ग होते. एक, छाती पुन्हा उघडून हे यंत्र काढायचं आणि नवं, लहान यंत्र बसवायचं. पण जुनं आतल्या आत इतकं चिकटलं होतं की सोडवताना काय फाटेल सांगता येत नव्हतं, आणि हेमंत बहात्तरचा. तिघांतला एक माणूस टेबलावरून परत येत नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दुसरा मार्ग, त्याला कायम उजवीकडे कलवून ठेवायचं. उजवीकडे वळलं की नळी सुटी होत होती. त्यासाठी तिरकी गादी, पट्टे, कुशीवरही चार्ज होणारं जॅकेट आणि माझ्या मनगटावर एक कडं. तो डावीकडे वळला, रक्त कमी झालं, की कडं थरथरणार. मग मी उठून त्याला ढकलायचं.

"विचार करून ठरवा," डॉक्टर म्हणाल्या. "पण फार लांबवू नका."

परत येताना गाडी आपली आपण खंबाटकीचा बोगदा पार करत होती. हेमंत काचेतून बाहेर बघत म्हणाला, "तू सांगशील तसं करू."

माझं डोकंच फिरलं. "आयुष्यभर भाजी कुठली करू विचारलं की 'कर काहीही'. गार्गीचं नाव काय ठेवायचं, 'ठेव तुला आवडेल ते'. आणि आता छाती फाडायची की नाही, तेही मीच ठरवायचं?"

"तुझं बरोबर असतं म्हणून म्हटलं."

"आणि चुकलं तर?"

सुरूर गेलं, घर आलं.

ठरलं नाही, म्हणजे आपोआप दुसरा मार्ग सुरू झाला. वामकुक्षी बंद झाली. दुपारी तो खुर्चीत बसून पेंगायचा आणि रात्री तिरक्या गादीवर, पट्टे लावून, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. झोपेतच तो पट्टे सोडवायचा. हे कसं करायचा मला अजून कळलेलं नाही, कारण जागेपणी त्याला साधी पिशवीची गाठ सुटत नाही. पट्टे सुटले की तो चढावरून उलटा येऊन डावीकडे वळायचा, कडं थरथरायचं, आणि मी उठून त्याला ढकलायची. परत तासाभराने तेच. लहान मूल निदान वर्षभरात मोठं होतं.

मी किती थकले ते लिहून कळणार नाही. दूध उतू जायचं आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहायची. एकदा दुकानात गिऱ्हाइकाचा चष्मा हातात घेऊन उभ्या उभ्या डुलकी लागली. हेमंत वाळत चालला होता. दुकान एकला बंद व्हायचं ते चारला उघडेनासं झालं. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते एवढंच: वळ, वळलो, पाणी हवं का, नको. दोघंही दमलेले, आणि ते यंत्र मात्र दमायला तयार नव्हतं. कमी पडलं की आणखी जोरात फिरायचं. मला त्याचा राग यायचा.

गार्गी फोनवर म्हणायची, "आई, तू बाबाला ऑपरेशनला तयार कर." मला ऑपरेशन हवंच होतं. तो जगावा म्हणून हवं होतं आणि मला झोपायला मिळावं म्हणूनही हवं होतं. यातलं कुठलं किती, ते मी तपासायला गेले नाही. म्हणूनच मी त्याला 'कर' म्हणू शकत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत गार्गी आली. आल्या आल्या तिने माझ्या मनगटावरचं कडं काढून आपल्या हातात घातलं आणि मला बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पिटाळलं. पहिला दिवस मी मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हेमंतची पाठ फार भरून आली, म्हणून तिने त्याला खुर्चीतून उठवून पलंगावर आडवं केलं. मी बाहेर आडवी झाले. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज यायला लागला.

"बाबा, वळ ना. बाबा, इकडे."

मी आत गेले. हेमंत गाढ झोपला होता. पट्टे सुटलेले, तोंड डावीकडे. डावा गाल माझ्या उशीवर आणि उजवा हात माझ्या रिकाम्या जागेवर पसरलेला. गार्गी घामाघूम झाली होती.

"आई, तीनदा वळवला. हा परत तिकडेच जातो. तिकडे आहे तरी काय?"

तिकडे काही नव्हतं. तिकडे मी झोपते.

लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, बायकोने नवऱ्याच्या डाव्या हाताला निजायचं असतं. मला पहाटे उठायचं असायचं आणि डावी बाजू दाराकडची, म्हणून मलाही ते सोयीचं होतं. पलंगाची उजवी बाजू भिंतीला टेकलेली. चाळीस वर्षांत ते कोणी बदललं नाही. आमच्या खोलीत उजवीकडे वळणं म्हणजे भिंतीकडे तोंड करणं, आणि डावीकडे वळणं म्हणजे माझ्याकडे.

मी त्याला हलवून जागं केलं.

"हेमंत, वामकुक्षी पचनासाठी असते ना?"

"असते की," तो डोळे चोळत म्हणाला.

"आणि?"

"आणि काय?"

"खरं सांग."

तो गार्गीकडे बघून ओशाळला. "रात्रभर छताकडे बघत पडायचं. दुपारी पट्टे नसायचे. तेवढंच तुझ्याकडे तोंड करून पडता यायचं. आपण बोलायचो ना तेव्हा. तू गिऱ्हाइकांच्या नकला करायचीस."

"मग डॉक्टरांना सांगायचं नाहीस?"

"हे काय डॉक्टरांना सांगायचं असतं?"

"मला तरी? मी उजवीकडे आले असते!"

"तिकडे भिंत आहे. पहाटे उठून माझ्यावरून कशी गेली असतीस?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. अकरा वर्षं या माणसाने माझी पहाटेची अडचण होऊ नये म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. साडेचार सेंटिमीटर. ते हृदय सरकत होतं ते माझ्याकडे, आणि मी फोन करत होते पेडणेकर सरांना.

"तू अगदी मूर्ख आहेस," मी म्हणाले.

"आहे," तो म्हणाला.

गार्गी पलंगाचा पाय धरून उभी राहिली. "आई, तो कोपरा धर," एवढंच म्हणाली. आम्ही दोघींनी पलंग ओढून भिंतीपासून लांब केला. चाळीस वर्षांची धूळ आणि एक हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर निघाला. मी फिरून उजवीकडे गेले आणि आडवी झाले. हेमंतने माझ्याकडे कूस बदलली, आपली आपण, पट्ट्याशिवाय. कडं थरथरलं नाही. त्याने काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण ते संपायच्या आत मला झोप लागली.

पुढच्या तपासणीला डॉक्टर मुजावर आकडे दोनदा बघत बसल्या. पेशी फुटणं निम्म्यावर आलं होतं. पिवळेपणा गेला होता.

"कुठला नवीन पट्टा वापरताय?"

"पट्टा नाही," मी म्हणाले. "पलंग सरकवला."

सगळं ऐकल्यावर त्या मोकळेपणी हसल्या. मग खुर्ची पुढे घेऊन बसल्या, आणि मला कळलं की आता काहीतरी वाईट ऐकायचंय.

"काकू, हृदय परत जागेवर जाणार नाही. नळी मुरडली तिथं आतून जाड होत चाललीय, ते थांबणार नाही. असंच ठेवलं तर दोन वर्षं, फार तर तीन. पण आत्ता काकांची तब्येत सुधारलीय. ऑपरेशन करायचं तर हीच वेळ. धोका आहेच, पण जमलं तर दहा वर्षंसुद्धा निघतील. सहा महिन्यांनी आलात तर मी हात लावणार नाही."

हेमंतने नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. "तू..."

"नाही," मी म्हणाले. "मी भाजीसुद्धा सांगणार नाही. तू बोल."

डॉक्टर थांबल्या. शेजारी बसून मला त्याच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी मनात म्हणत होते, हो म्हण. आता मला झोप मिळत होती, आता मला फक्त तो हवा होता. दहा वर्षं हवी होती.

"नको," हेमंत म्हणाला. "मला ऑपरेशन नको. टेबलावर उताणा जायचो आणि तसाच राहायचो. मला घरी हिच्याकडे तोंड करून पडायचंय. जेवढं असेल तेवढं."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यात त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि नेमकं तेच मला द्यायचं नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्याने ऑपरेशन केलं असतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी गिळला. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, तुम्हाला पटतंय?" मी म्हणाले, "नाही पटत. पण त्याचं ऐका."

घरी येताना खंबाटकीच्या बोगद्यात मी रडून घेतलं. अंधार असतो तिथे, बरं पडतं. हेमंतने माझा हात धरून ठेवला आणि सुरूर आल्यावर म्हणाला, "संध्याकाळी भरली वांगी कर." मी केली.

आता दुकान परत चारला उघडतं. कधी साडेचारला. एक ते चार आम्ही आडवे असतो, तो उजव्या कुशीवर, मी डाव्या. हो, डाव्या, कारण माझं हृदय जिथल्या तिथे आहे. त्याची उचकी गेलेली नाही. कड मज्जातंतूला लागते ती लागतेच. अलीकडे पायऱ्या चढताना तो मध्ये थांबतो, आणि मी बघितलं नाही असं दाखवते.

काल दुपारी मला जाग आली तेव्हा तो टक्क जागा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"मगाशी किती उचक्या लागल्या," तो म्हणाला. "तू घोरत होतीस."

"मग नाव घ्यायचंस."

"घेतलं."

"कोणाचं?"

"तुझं."

"थांबली?"

"छे. मज्जातंतू तो, तुझ्या नावाला काय भीक घालतोय?"

"मग?"

"मग काय. तरी घेत बसलो."

चार वाजून गेले होते. खाली शटरवर कोणीतरी ठोकत होतं. आम्ही कोणीच उठलो नाही.